सात ते पावणेआठ

चव्वेचाळिसाव्या वर्षी अंकुश सोमकुंवरला पहिली पक्की नोकरी लागली. नागपूरच्या इंदोरा भागातल्या त्या गल्लीत एवढ्या गोष्टीवर बँड वाजला असता. पण हा माणूस पेढ्यांच्या दुकानात जायचं सोडून ओट्यावर मोबाइलमध्ये रेल्वेचं वेळापत्रक उघडून बसला होता.

नोकरी नरखेडच्या पुढे सात किलोमीटरवर, एका गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात. मराठीचा पूर्णवेळ शिक्षक. त्याआधी चौदा वर्षं त्याने नागपुरातल्या निरनिराळ्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवलं होतं. म्हणजे जितके तास, तितकाच माणूस. उन्हाळा लागला की माणूस संपला. लग्नाच्या बोलण्यातही हीच अडचण यायची. मुलगा काय करतो, असं मुलीकडच्यांनी विचारलं की मध्यस्थ म्हणायचा, "तास घेतो." एका म्हाताऱ्याने तर सरळ विचारलं होतं, "म्हणजे घड्याळाचं दुकान आहे काय गा?" अंकुश त्या दिवशी सगळ्यांबरोबर मोकळेपणाने हसला. पुढे स्थळं येणं थांबलं, तेव्हा मात्र घरात कोणी हसलं नाही.

आता पत्र आलं होतं. सोमवारी सकाळी अकराच्या आत रुजू व्हा, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. मधे पाच दिवस. वेळापत्रकात सगळं सुरेख बसत होतं. सकाळी साडेसातची पॅसेंजर, साडेनऊच्या आत नरखेड, तिथून ऑटो. संध्याकाळी चार चाळीसची परतीची गाडी, सहा पंचविसाला नागपूर, पावणेसातला घरी. कागदावर हे जमत होतं. जमणार की नाही हा प्रश्न कागदाबाहेरचा होता, आणि तो आत खाटेवर बसला होता.

सिंधूताई, अंकुशची आई.

ही बाई काय होती, हे आज तिला पाहणाऱ्याला सांगून खरं वाटायचं नाही. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका, आणि वस्तीच्या नाटक मंडळीची प्रॉम्प्टर. त्या काळी जयंतीला वस्तीत तीन अंकी नाटक व्हायचं. खाटा जोडून रंगमंच, चादरी शिवून पडदा, आणि चादरीमागे मांडीवर पोर आणि हातात वही घेऊन बसलेली सिंधू. गिरणीतली पाळी संपवून आलेला तिचा नवरा धोंडबा राजा व्हायचा आणि दुसऱ्या अंकात हमखास भाषण विसरायचा. मग चादरीआडून असं नेमकं वाक्य यायचं, की पहिल्या रांगेतल्यालाही वाटावं राजाच बोलला. वहीचं पान उलटायची तिला गरज नसे. अख्खं नाटक, सगळ्यांची सगळी वाक्यं त्या एका बाईच्या ओठांवर. काय दिवस होते! पुढे धोंडबा गेले, मंडळी मोडली, पडद्याच्या पुन्हा चादरी झाल्या. आणि चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी, वेणी घालता घालता, सिंधूताईची उजवी बाजू लुळी पडली आणि तिचे शब्द गेले.

अगदीच गेले असते तरी निभावलं असतं. ते जागा बदलून परत आले. पाणी हवं असलं की ती म्हणे, "पोस्टमन." न्हाणीघराकडे जायचं असलं की "बाजार." भूक लागली की "शाळा." डोकं जागेवर होतं, समोरच्याचं बोलणं सगळं कळत होतं, फक्त आतून जो शब्द निघे तो ओठांवर येईपर्यंत दुसराच झालेला असे. त्याचा तिला राग येई. सुरुवातीला ती रडायची, मग तेही सोडून दिलं. अंकुश तेवढा ही भाषा शिकला. एकेक शब्द चुकत, मार खात, शिकला. डॉक्टर तिच्याशी बोलताना अंकुशकडे पाहत, दुभाष्याकडे पाहावं तसे.

बहीण नंदिनी पुण्याला. तिने आईला पंधरा दिवस नेऊन पाहिलं होतं. तिथे सिंधूताईने बोलणंच बंद केलं. बाजार, शाळा, पोस्टमन हे सगळे शब्द या दोन खोल्यांतल्या वस्तूंना बांधलेले होते. दुसऱ्या घरात ते तिला सापडेनात. जेवणही सुटलं. म्हणून तिला उचलून नरखेडला खोली करावी, हाही मार्ग बंद झाला होता.

उरली कौशल्या. दोन घरं सोडून राहणारी, साठीची, एकटी, जिभेने तिखट आणि हाताने मऊ. दिवसभर सिंधूताईजवळ बसायला ती तयार झाली. द्यायचं-घ्यायचं ठरलं, त्यात कुणाचीच तक्रार नव्हती. अट एकच.

"पहाटेपासून ये म्हणशील तरी येतो गा मी," ती म्हणाली. "पण संध्याकाळी सात म्हणजे सात. सातले मले मेसमध्ये पोळ्या लाटाच्या राहतात. साठ पोरं ताटावर बसून राहतात तिकडं. तू ये, नाही तर नको येऊ, मी निघीन."

"पावणेसातले येतोच मी, मावशी."

"येऊन दाखव मग."

म्हणून त्याने ठरवलं, सोमवारच्या आधी तीन दिवस खरंच जाऊन यायचं. रंगीत तालीमच म्हणा. नोकरी नाही, तास नाही. नुसतं जायचं, कॉलेजचं फाटक पाहायचं आणि परत यायचं.

पहिला दिवस बुधवार. या मार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला कोणी प्रवासी म्हणत नाही; तो अपडाऊनवाला. त्यांच्या जागा ठरलेल्या, डबे ठरलेले, कोण कुणाच्या खांद्यावर झोपणार तेही ठरलेलं. अंकुश चुकून अशाच एका जागेवर बसला आणि समोर एक काटकुळा गृहस्थ घडी केलेली सतरंजी काखेत मारून उभा राहिला. नत्थूजी. नरखेडच्या एका कचेरीत शिपाई, बावीस वर्षांचा अपडाऊन.

"बसा, बसा," अंकुश उठू लागला तसा नत्थूजीने त्याला खांद्याला धरून खिडकीकडे सरकवलं. "नवीन दिसता. बदली का?"

"नाही. नोकरी लागून राहिली. जमते का नाही, ट्रायल घेऊन पाहतो."

"ट्रायल!" नत्थूजीने डब्यातल्या बाकीच्यांकडे पाहिलं. "ऐका हो, ट्रायल घेऊन राहिले हे. लग्नाच्या वक्ताले घेतली होती का ट्रायल?"

"लग्न नाही झालं माझं."

"तरीच!" नत्थूजी म्हणाला आणि सगळा डबा हसला. अंकुशही हसला. हसता हसता खिडकीबाहेर कळमेश्वर गेलं, मग संत्र्याचे बगीचे सुरू झाले, आणि त्याला वाटलं, जमेल. मनापासून वाटलं. संध्याकाळी गाडीही शहाण्यासारखी वागली. सहा वाजून अडतीस मिनिटांनी तो घराच्या दारात होता.

दारात कौशल्या ठेवणीतलं लुगडं नेसून उभी. आत स्टोव्हवर आधण, ताटलीत चार कप. आणि खाटेवर सिंधूताई डाव्या हाताने पाय धरून कळवळत होती.

"काहून वं मावशी, कोण येऊन राहिलं?"

"मले काय ठाऊक? तुही माय दुपारपासून म्हणून राहिली, पाहुणे आले, पाहुणे आले. दोनदा चहा टाकला मी. पाहुण्याचा काही पत्ता नाही."

अंकुशने धावत जाऊन आईची पोटरी दाबली. "मावशी, पाहुणे म्हणजे पायात गोळा येते तिच्या."

कौशल्या मटकन खाली बसली. "अरे बाप्पा! म्हणजे तिच्या दुखण्यावर दोन कप चहा पिऊन बसली मी?"

हे ऐकून सिंधूताई हसली. वेदनेतून, अर्ध्या तोंडाने, पण हसली. त्या रात्री अंकुशने एकतीस शब्दांची यादी केली, एका बाजूला आईचा शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. सकाळी कौशल्याने ती हातभर लांब धरून पाहिली आणि त्याच्याच खिशात घातली. "मी काही परीक्षेले बसून नाही राहिली. पाणी तेवढं सांग, बाकीचं तीच शिकवंन मले."

"पाणी म्हणजे पोस्टमन."

"झालं तर."

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी काटोलपर्यंत नीट आली. मग एका लहानशा स्टेशनवर ती बाजूच्या रुळावर गेली आणि उभी राहिली. इंजिन गप्प झालं. कुणी पेपर पुन्हा पहिल्या पानापासून काढला, कुणी संत्री सोलायला घेतली.

"काय झालं?" अंकुशने विचारलं.

"काही नाही. साईडिंगले टाकली." नत्थूजीने सतरंजी पसरली. "मालगाडी काढतीन आधी. कोळसा थांबला तर वीज जाते गा. आपण थांबलो तर फक्त भाजी थंडी होते."

"किती वेळ?"

"हे विचाराचं नाही. बावीस वर्षांत मी नाही विचारलं."

साडेसहाला गाडी तिथेच होती. अंकुशने फोन लावला.

"मावशी, गाडी थांबली आहे."

"किती वेळची?"

"कोणी सांगत नाही."

"मग मी तरी किती वेळ बसू ते मले कोण सांगंन?" कौशल्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. "सातपर्यंत आहो मी. मंग शेजारच्या प्रीतीले बसवून जातो."

तो दारात जाऊन उभा राहिला. समोरून मालगाडी गेली. मोजायचं नाही ठरवूनही त्याने डबे मोजले. एकोणसाठ. मग दुसरी आली. उतरून रस्ता गाठावा, तर मधे शेतं आणि अंधार पडत चाललेला. एका माणसाला उतरून, धावून, ओरडून एक क्षण आधी पोचता येईल, असं जगात काहीही नव्हतं. तो परत जागेवर येऊन बसला. नत्थूजीने संत्र्याच्या दोन फोडी त्याच्या हातावर ठेवल्या. त्या त्याने नागपूर येईपर्यंत तशाच मुठीत धरल्या.

घरी पोचला तेव्हा पावणेआठ वाजले होते. प्रीती, बारावीतली शेजारची मुलगी, पायरीवर बसून रडत होती. तिच्या कपाळाला टेंगूळ. आत जमिनीवर स्टीलचा पेला आणि पाणीच पाणी.

"काका, आजी पोस्टमन पोस्टमन म्हणून राहिल्या होत्या. मावशीनं सांगितलं होतं, पोस्टमन म्हणजे पाणी. मी तीनदा पाणी दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी पेलाच मारला."

तिची आई दारातूनच म्हणाली, "भाऊ, आम्हाले वाईट वाटते. पण पोरगी नाही बसंन आता."

अंकुश आईपुढे गुडघ्यावर बसला. "काहून मारलं वं आई तिले? पाणीच तर देऊन राहिली होती." सिंधूताईने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी त्याने नत्थूजीला सरळ विचारलं, "बावीस वर्षांची सरासरी सांगा. संध्याकाळी घरी किती वाजता?"

या वेळी नत्थूजी हसला नाही. त्याने थोडा विचार केला. "बायको पावणेआठले ताट करते. त्याच्या आधी नाही करत."

त्या दिवशी अंकुश घरी पोचला तेव्हा आठला पाच कमी होते. धाप लागलेली, मनात नको ते सगळं. दार उघडलं आणि थबकला. कौशल्या गेलीच नव्हती. दोघी बाया खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. सिंधूताई म्हणाली, "हळद," आणि कौशल्याने उठून खिडकी लावली. सिंधूताई म्हणाली, "कौशी," आणि कौशल्याने पेला तिच्या हातात दिला.

"हळद?" अंकुशने विचारलं.

"डास येऊन राहिले म्हणते."

"आणि कौशी?"

"पाणी गा. मीच पाणी झाली आता." कौशल्याच्या चेहऱ्यावर जरा अभिमान होता. "दिवसभर मीच देतो ना."

सिंधूताईने अंकुशकडे बोट दाखवलं. "पोस्टमन," ती म्हणाली.

तो सवयीने माठाकडे वळला. कौशल्याने त्याला हाताने अडवलं.

"पाणी नाही. पोस्टमन म्हणजे तू. तीन दिवसांपासून दिवस बुडला की दाराकडं पाहून सुरू होते तिचं. पोस्टमन, पोस्टमन."

अंकुश माठाजवळच उभा राहिला. वर्षभरात आईने त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. तो कायम त्या खोलीत असायचा. हाक मारायची वेळच आली नव्हती. आता तो जाऊ लागला, तर तिला त्याच्यासाठी शब्द लागला. आणि काल प्रीतीने तीनदा पाणी दिलं होतं.

"तू मेसमध्ये नाही गेली, मावशी?"

"नाही गेली. काल त्या पोरीचं टेंगूळ पाहून आज जीव नाही झाला. मालकानं फोनवर जे ऐकवाचं ते ऐकवलं." कौशल्याने टरफलं पदरात गोळा केली. "पण उद्यापासून नाही जमणार अंकुश. मेस गेली तर मले कोण पोसंन? दिवस मी सांभाळतो, तिचं माझं जमलं. सातनंतरचं तू पाह्य."

म्हणजे सगळा प्रश्न आटून पाऊण तासाचा उरला होता. सात ते पावणेआठ.

शनिवारी नंदिनीचा फोन आला. "दादा, तू आधी हो म्हण. बाकीचं पाहू नंतर."

"बाकीचं म्हणजे आईच ना वं, नंदू?"

मग ती म्हणाली, "मी काय करू सांग." तिलाही काही करता येण्यासारखं नव्हतं, हे दोघांना ठाऊक होतं. फोन ठेवून त्याने गल्लीत आणखी तीन घरी विचारलं. सगळे चांगले लोक. पण सात वाजता प्रत्येकाच्या घरी चूल पेटलेली, पोरं अभ्यासाला बसलेली, आणि टेंगुळाची बातमी सगळीकडे पोचलेली.

शेवटी तोडगा काढला तो कौशल्याने. "ती एकटी राहते का पाऊण तास, एवढं पाहून घे उद्या. राहिली तर जा. नाही राहिली तर नको जाऊ. त्यात एवढं काय आहे?"

रविवारी त्याने दुपारीच आईला सांगितलं, मी बाहेर जातो, पावणेआठला येतो. कौशल्याने रोजच्यासारखं सगळं केलं. खाऊ घातलं, पेला डाव्या हाताशी ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाली, "काटा इथं आला की येते तो. घाबराचं नाही, सिंधू." बाहेर येऊन कडी लावली. पायरीवर अंकुश बसला होता. ती त्याच्याकडे न पाहता चालू लागली.

सात वाजले.

आत खाट करकरली. मग पेल्याचा आवाज. गल्लीत कुकरच्या शिट्ट्या, कुठल्यातरी घरी टीव्हीवर भांडण. सात वाजून आठ मिनिटांनी आतून हाक आली. "पोस्टमन." मग मोठ्याने. मग आणखी मोठ्याने, शाळेत वर्ग शांत करताना लावायची तो आवाज. अंकुशने दोन्ही कानांवर हात ठेवले, मग काढले. न ऐकणं जास्त कठीण होतं. दार वीतभर दूर होतं आणि तो नरखेडच्या बाजूला कुठेतरी साईडिंगला पडलेल्या गाडीत होता, असं त्याला स्वतःला पटवायचं होतं. तिथे असता तर काय केलं असतं? हेच. बसला असता.

प्रीती दुकानातून दही घेऊन परत चालली होती. दुरूनच थांबली. "काका, किल्ली हरवली का?"

"नाही."

"मंग बाहेर काहून बसले?"

"गाडी यायची आहे बेटा."

तिने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि घाईने घरात गेली.

साडेसातला आतला आवाज बंद झाला. हाक नाही, पुटपुट नाही, खाटेचा आवाजही नाही. हे हाकांपेक्षा वाईट होतं. झोपली असेल. पडली असेल. पडली असती तर आवाज आला असता. हळूच पडली असेल तर? एक मिनिट, दोन मिनिटं. मग काहीतरी पत्र्याचं जमिनीवर आदळून गरगरत थांबलं, आणि अंकुशने कडी काढलेली होती.

सिंधूताई खाटेवर ताठ बसली होती. पदर नीट, पाय जवळ घेतलेले. डब्याचं झाकण खाली पडलं होतं. शेंगा तिच्या मांडीत होत्या. ती घड्याळाकडे पाहत बसली होती. दार उघडलं तशी तिने मान वळवली, आणि तिच्या डोळ्यांत आनंद नव्हता. आधी नवल होतं, मग राग.

"आई, झाकण पडलं म्हणून मी..."

तिने डावा हात उचलला आणि घड्याळाकडे दाखवला. साडेसात वाजून तीन मिनिटं; पावणेआठ व्हायचेच होते. ती काहीतरी म्हणाली, दोन अक्षरांचं, त्याने कधी न ऐकलेलं. त्याला कळलं नाही. तिने तेच पुन्हा म्हटलं, आणि मग हाताने दाराकडे, बाहेर, असं केलं. एकदा. दुसऱ्यांदा तिने तो खाली घेतला नाही.

"तुले सगळं ठाऊक आहे ना वं?" अंकुश म्हणाला. "उद्याचं."

तिने मांडीतली एक शेंग उचलली, दातांनी फोडली आणि पुन्हा घड्याळाकडे पाहू लागली.

तो बाहेर आला. कडी लावली. बारा मिनिटं उरली होती. सकाळी साडेसातची गाडी होती आणि ती चुकवायला आता त्याच्याजवळ काही कारण शिल्लक नव्हतं. आत ती पुन्हा हाक मारू लागली, मघापेक्षा हळू, आपल्याशीच बोलल्यासारखी. तो पायरीवर बसला. उजवा हात कडीकडे जात होता. तो त्याने डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिला.